जमीन, लंडन आणि पिग्मीची वही

प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारी मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, बारावीला ८६ टक्के होते. वडील पतसंस्थेत कॅशियर, तीन एकर शेत, धाकटा भाऊ दहावीत. तिला इन्व्हेस्टमेंट बँकर व्हायचंय, तेही लंडनमध्ये. सोलापूरच्या एका हॉटेलात भरलेल्या शिक्षण मेळाव्यात तिनं नाव नोंदवलं आणि आठ दिवसांत इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं एम.एस्सी. फायनान्सचं ऑफर लेटर आलं. कोर्स सप्टेंबरपासून. फी, राहणं-खाणं, विमान, विमा असं सगळं धरून ४० लाख. महिनाअखेरीपर्यंत डिपॉझिट भरायचं आहे. वडील म्हणतात, घर तारण ठेवू, कमी पडलं तर दीड एकर विकू, पण तू जा. मामा म्हणतो, सरकारी बँकांच्या भरतीची आयबीपीएसची परीक्षा दे, घराजवळ पोस्टिंग मिळेल. आई काही बोलत नाही. सीएफए, सीए की एसीसीए यांपैकी कुठली परीक्षा द्यावी, असंही तिनं विचारलंय, आणि तळटीपेसारखी इंग्रजीची भीती लिहिली आहे. पत्राचा गाभा तिच्याच शब्दांत: "ताई, आत्ता नाही गेले तर कधीच जाणार नाही. इथे राहिले तर वडिलांना मदत म्हणून आत्ता लिहिते तशा पिग्मीच्या वह्या लिहिण्यात जन्म जाईल. विक्रम पंडितही नागपूरचेच ना, ते तर सोळाव्या वर्षी गेले. माझं काही चुकतंय का?"

उत्तर

आधी डिपॉझिटचं बोलू, कारण तुझ्या पत्रात तारीख फक्त त्यालाच आहे. ते या महिन्यात भरू नकोस. "जागा जाईल" असं तो मेळाव्यातला माणूस म्हणेल. जाऊ दे. एम.एस्सी. फायनान्सच्या जागा दरवर्षी निघतात, आणि विनंती केली तर ऑफर वर्षभर पुढे ढकलून देणारी विद्यापीठंही बरीच आहेत. त्याला दोन गोष्टी लेखी विचार. व्हिसा नाकारला गेला किंवा मीच माघार घेतली तर डिपॉझिटमधले किती पैसे परत मिळतील, आणि तुमचं कमिशन कोण देतं. दुसऱ्याचं उत्तर मीच देऊन टाकते. दाखल झालेल्या दर विद्यार्थ्यामागे विद्यापीठ त्याला पैसे देतं, म्हणून तर हॉटेलातला चहा-समोसा फुकट होता. त्यात बेकायदा काही नाही. पण तो माणूस कुणाच्या पगारावर आहे, ते लक्षात ठेवून त्याचं ऐकायचं.

आता विक्रम पंडित. ते नागपूरचे, सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेले आणि डिसेंबर २००७ मध्ये सिटीग्रुप या मोठ्या अमेरिकी बँकेचे प्रमुख झाले, हे सगळं खरं आहे. मधली वर्षं मात्र तू गाळलीस. ते गेले होते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला. कोलंबिया विद्यापीठातून त्यात पदवी, मग पदव्युत्तर पदवी घेतली, त्यानंतर फायनान्सकडे वळले, १९८३ मध्ये मॉर्गन स्टॅनली या इन्व्हेस्टमेंट बँकेत लागले आणि डॉक्टरेट पूर्ण झाली १९८६ मध्ये. म्हणजे देश सोडल्यापासून बँकेत पाऊल ठेवेपर्यंत दहा वर्षं. (आणि सिटीग्रुपची खुर्ची मिळाली तीही बँक आर्थिक संकटात सापडलेली असताना, पण तो विषय वेगळा.)

"आत्ता नाही तर कधीच नाही" या तुझ्या वाक्यासाठी मला दुसरं उदाहरण आठवतं. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून परतले. त्यांनी काय केलं? नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पगारातून पैसे बाजूला टाकले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली १९२३ मध्ये. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. तू एकवीसची आहेस आणि गाडी सुटली म्हणून फलाटावरून धावते आहेस.

आता मुद्द्याचं. इन्व्हेस्टमेंट बँकर व्हायचंय असं तू चार वेळा लिहिलंस. तो माणूस सकाळी ऑफिसात येऊन नेमकं काय करतो, हे एकदाही लिहिलं नाहीस. दोष तुझा नाही. रीलमध्ये लंडनच्या कॅनरी व्हार्फ या बँकांच्या भागातल्या काचेच्या इमारती दिसतात, हातात कॉफी दिसते, एक्सेलची शीट दिसत नाही. इन्व्हेस्टमेंट बँकिंग म्हणजे कंपन्यांची खरेदी-विक्री, शेअर किंवा रोखे बाजारात आणणं, त्यासाठी कंपनीची किंमत काढणं आणि रात्री दोन वाजता साहेबानं परत पाठवलेली सत्तर पानांची प्रेझेंटेशन दुरुस्त करणं. ज्याला ते आवडतं त्याला खरंच आवडतं. पण मोठ्या बँकेत ते एक लहानसं दालन असतं. बाकीची इमारत वेगळ्याच कामांनी भरलेली असते: कुणाला किती कर्ज द्यायचं ते ठरवणारी माणसं, जोखीम मोजणारी, सौदे पूर्ण करून पैसे आणि शेअर इकडचे तिकडे पोचवणारी, ग्राहक खरा आहे की पैसा काळा आहे ते तपासणारी, म्युच्युअल फंडांचे हिशोब ठेवणारी.

आणि यातली निम्मी खाती तू घरी बसून पाहिली आहेस. पिग्मीच्या वह्यांबद्दल तू ज्या सुरात लिहिलंस, त्यानं मला जरा वाईट वाटलं. भाजीवाल्याकडून रोज पन्नास रुपये येतात, मग आठ दिवस येत नाहीत, तेव्हा एजंटला काय समजतं? कर्जाच्या अर्जावर जामीनदाराचं नाव बघून मॅनेजर का हसतो? मार्चमध्ये थकबाकी कमी दाखवायला कोणाचं कर्ज जुनं-नवं होतं? संध्याकाळी कॅश टॅली होत नाही तोवर तुझे वडील घरी येत नाहीत, बरोबर? लंडनमध्ये याला क्रेडिट रिस्क, कलेक्शन्स, एव्हरग्रीनिंग, रिकन्सिलिएशन म्हणतात आणि ते ओळखणाऱ्या-जुळवणाऱ्यांना पौंडात पगार मिळतो. मुलाखतीत शंभर जण "फायनान्सची पॅशन" सांगतात. "आमच्या गावातल्या पतसंस्थेत डाळिंबाच्या बागांना दिलेली कर्जं कशी थकली ते मी वहीत पाहिलंय" असं सांगणारी एखादीच असते. यावर एक पानभर लिहून काढ, नावं-गावं गाळून. तुझ्या बायोडाटातला हा सगळ्यात जड कागद ठरेल.

आता लंडनचा हिशोब. मी तिथे जाऊ नकोस म्हणत नाहीये. मी स्वतः राहून आले आहे. पण तिथल्या भरतीचं पंचांग तुला मेळाव्यात कुणी दाखवलेलं नाही.

मोठ्या बँकांच्या ग्रॅज्युएट भरतीचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटतात. आले तसे तपासत जातात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बहुतेक जागांचा निकाल लागलेला असतो. तिथली मुलं पदवीच्या पहिल्याच वर्षी वसंतात आठवडाभर बँकेत जाऊन येतात, शेवटच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप करतात आणि त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांना नोकरीचं पत्र मिळतं. तू सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उतरणार. सिमकार्ड, बँक खातं, खोली शोधणं, पहिली थंडी, पहिली असाइनमेंट यातून मान वर काढशील तेव्हा दिवाळी आलेली असेल आणि खिडकी बंद झालेली असेल. एक वर्षाच्या कोर्सला जाणाऱ्यानं अर्ज भारतात बसून, विमानात चढायच्या आधी करायचे असतात. हे मी आत्ता ज्यांचं प्रवेशाचं पक्कं झालंय अशा इतर वाचकांनाही सांगते आहे. तुम्ही कुठल्या विद्यापीठात जाता यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्ये काय करता, याचा नोकरीशी जास्त संबंध आहे.

त्या अर्जांमध्ये एक चौकट असते: "तुम्हाला आत्ता किंवा पुढे व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल का?" खोटं लिहिता येत नाही. अभ्यासानंतर राहायला मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा आतापर्यंत दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो दीड वर्षाचाच मिळणार आहे, आणि या सप्टेंबरला गेलीस तर तुझा अर्ज त्यानंतरचाच असेल. दीड वर्ष संपलं की स्किल्ड वर्कर व्हिसा हवा. त्यासाठी पगाराची सर्वसाधारण अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे, नवख्यांसाठी सवलतीचा आकडा ३३,४०० पौंड. शिवाय कंपनीकडे परदेशी माणूस ठेवायचा परवाना पाहिजे. मोठ्या बँकांकडे तो असतो. पण ज्या छोट्या अकाउंटिंग फर्ममध्ये सुरुवातीला सहज काम मिळतं, तिथे बहुधा नसतो.

समज, नोकरी लागली आणि पगार त्या सवलतीच्या आकड्याइतका. कर कापून हातात महिन्याला २,३०० पौंडांच्या आसपास येतात. लंडनमध्ये एका खोलीलाच ९०० ते १,००० जातात. जेवण, प्रवास, फोन, हिवाळ्याचे बूट. उरलेल्यातून कर्जाचा हप्ता. कर्ज ४० लाख, व्याज साडेदहा टक्के, मुदत दहा वर्षं धरली तर हप्ता ५४ हजार बसतो. पण अभ्यासाचं वर्ष आणि नंतरचे सहा महिने हप्ता थांबतो तेव्हा व्याज थांबत नाही. दीड वर्षाचं सरळ व्याजच सव्वासहा लाखांच्या वर जातं, ते मुद्दलात मिळवलं की हप्ता ६२ हजारांच्या पुढे. सगळी रक्कम एकदम उचलली असं मी धरलंय, तेव्हा प्रत्यक्षात थोडं कमी होईल. लंडनची नोकरी असेल तर ओढाताण करून निभतं. नोकरी न लागता परत आलीस आणि पुण्यात चार-पाच लाखांची नोकरी धरलीस तर तुझा अख्खा पगार एकीकडे आणि हप्ता दुसरीकडे, आणि हप्ताच मोठा. मग तो कोण भरणार, ते तुला माहीत आहे.

जमिनीचंही एक सांगते. शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन सहसा तारण म्हणून घेत नाहीत, कारण बँकांना तारण जप्त करून विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर त्यांना वसुली करता येत नाही. म्हणून घर तारण जातं आणि शेत विकलं जातं. तारणाशिवाय सरकारी बँकांच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांपर्यंत मिळतं. खासगी कंपन्या तारणाशिवाय जास्त देतात, व्याजही जास्त लावतात. घर निदान कर्ज फिटलं की मोकळं होतं. विकलेलं दीड एकर परत येत नाही. वडील "परत घेऊ" म्हणत असतील तर बाजूच्या गटाचा आजचा भाव त्यांनाच विचार.

बरं, मग करायचं काय?

माझं सांगते. मी कोकणातल्या कॉलेजातून बी.कॉम. केलं आणि पुण्यात एका परदेशी बँकेच्या ऑफिसात चिकटले, नॉस्ट्रो रिकन्सिलिएशनला. म्हणजे आमच्या बँकेची दुसऱ्या बँकांत जी खाती असतात, त्यांचा आपल्या वहीशी मेळ घालायचा. शिफ्ट दुपारी साडेबाराला सुरू, घरी यायला रात्रीचे अकरा. दुसऱ्या वर्षी एक फरक तीन दिवस सुटेना. रुपयातलं एक पेमेंट लंडनच्या हिशोबात मंगळवारी लागलेलं, इकडे बुधवारी. तिकडचा माणूस वैतागून गेला होता. मी कॅलेंडर बघितलं, तर मंगळवारी गुढीपाडवा. मुंबईत बँका बंद. त्यांच्या सिस्टीममध्ये ती सुट्टी भरलेलीच नव्हती. फार मोठा शोध नव्हता, आमच्या घरच्या कालनिर्णयमध्ये लाल रंगात छापलेलं होतं. पण तेव्हापासून तिकडचे लोक मला नावानं ओळखायला लागले. पुढे मी त्याच बँकेत जोखीम खात्यात सरकले आणि एकतिसाव्या वर्षी बदलीवर लंडनला गेले. तिकीट, व्हिसा, पहिल्या महिन्याचं घर, सगळं बँकेनं केलं. तीन वर्षांनी परत आले तेव्हा डोक्यावर कर्ज नव्हतं.

हे सगळ्यांचं होतं असं नाही. माझ्या तुकडीतल्या बाविसांपैकी बाहेर गेलो ते चौघं. बाकीच्यांतले काही दहा वर्षं त्याच टेबलावर राहिले, काही कंटाळून सोडून गेले. ऑपरेशन्सच्या कामात तीन वर्षांच्या आत पुढचं खातं धरलं नाही तर माणूस तिथेच गोठतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि परदेशी बँक म्हणजे जन्माची सोय, हेही डोक्यातून काढ. स्वित्झर्लंडची बँक क्रेडिट स्विस १८५६ ची, आणि १९ मार्च २०२३ च्या रविवारी संध्याकाळी ती यूबीएस या तिथल्याच दुसऱ्या बँकेच्या पदरात टाकल्याचं जाहीर झालं. पुण्यात तिचं मोठं ऑफिस होतं. सोमवारी सकाळी तिथल्या लोकांचे चेहरे काय झाले असतील, विचार कर.

तरीही आज तुझ्या जागी मी असते तर पुण्या-मुंबईपासूनच सुरुवात केली असती. बार्कलेज, डॉइश बँक, यूबीएस, बीएनवाय यांची पुण्यातली ऑफिसं, मुंबईत जेपी मॉर्गन, मॉर्गन स्टॅनली, पवईत नोमुरा. इथे पूर्वी फक्त कारकुनी यायची. आता जोखमीची मॉडेलं, फायनान्स, नियमपालन अशी कामंही इथून होतात. सुरुवातीचा पगार रीलमधल्यासारखा नसतो, खोलीभाडं आणि मेस जाऊन थोडे उरतात. पण लंडनच्या बँकेचं काम म्हणजे काय, ते तुला कर्ज न काढता कळतं.

एक ताजं उदाहरण देते, म्हणजे नुसतं "अनुभव घे" असं वाटणार नाही. आज शेअर विकला की पैसे आणि शेअर पुढच्या कामाच्या दिवशी हातात, याला टी प्लस वन म्हणतात. आपल्याकडे सगळे शेअर या पद्धतीवर आले २७ जानेवारी २०२३ ला. अमेरिका आली २८ मे २०२४ ला. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी तारीख ठरवली आहे ११ ऑक्टोबर २०२७. म्हणजे दोन दिवसांचं काम एका दिवसात कसं बसवायचं, याची सवय भारतातल्या माणसांना तिथल्यांच्या आधी झालेली आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची सिक्युरिटीज ऑपरेशन्स आणि रिस्क मॅनेजमेंटची, सातव्या मालिकेची परीक्षा आहे. फी दोन हजारांच्या आत. एप्रिलमध्ये तुझी विद्यापीठाची परीक्षा संपली की महिनाभरात होऊन जाईल. ४० लाखांच्या आधी हे दोन हजार घालून बघ. या कामात मन रमतं का, तेवढं तरी समजेल.

परीक्षांबद्दल तू विचारलंस: सीएफए की सीए की एसीसीए. प्रमाणपत्रं जमवायचा छंद लावून घेऊ नकोस, एकच धर. कंपन्यांचं मूल्यांकन, गुंतवणूक, बाजार याकडे ओढा असेल तर सीएफए. पदवीला २३ महिने किंवा त्याहून कमी राहिले असले तरी पहिल्या लेव्हलला बसता येतं, म्हणजे तू आजच पात्र आहेस. १८० प्रश्न, सव्वादोन तासांची दोन सत्रं. दहातले चार-साडेचारच पास होतात. नोंदणी डॉलरमध्ये, लाखाच्या घरात जाते, पण गरजूंसाठी त्यांचीच अॅक्सेस स्कॉलरशिप आहे, तिचा अर्ज आधी कर. कॅल्क्युलेटर दोनच चालतात, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस किंवा एचपीचा ट्वेल्व्ह सी. तो मात्र जुना मिळतो का बघ. पुण्यात परीक्षा देऊन झालेली मुलं निम्म्या किमतीत देऊन टाकतात. आणि तिन्ही लेव्हल झाल्या तरी चार्टर, म्हणजे नावापुढे सीएफए लावायचा हक्क, मिळायला किमान ३६ महिन्यांत मिळून ४,००० तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे नोकरी काही चुकत नाही.

हिशोब, ताळेबंद, कर हे हाडात असेल तर सीए. बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर थेट इंटरमीडिएटला प्रवेश मिळतो, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे. आखातात आपल्या सीएंना मान आहे. एसीसीए ब्रिटिश आहे, तेरा पेपर, बी.कॉम.वाल्यांना काही माफ होतात. ते वाईट नाही, पण केवळ "ब्रिटिश आहे म्हणून ब्रिटनची नोकरी" या हिशोबानं करू नये.

मामाला एकदम झटकू नकोस. तो जे सांगतोय ते क्लार्कचं, घराजवळच्या पोस्टिंगचं. पण त्याच आयबीपीएसच्या दारातून पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) होऊन बँक ऑफ बडोदा, बँक ऑफ इंडियात गेलेले अधिकारी लंडन, न्यूयॉर्कच्या शाखांत जातात. स्टेट बँकेची परीक्षा वेगळी आहे, तिथेही तेच. वर्षं लागतात, बदल्या कुठेही होतात, अंतर्गत निवडीतून जावं लागतं. तरी "इंटरनॅशनल बँकिंग"चा हा रस्ता तुझ्या घरातल्याच माणसानं दाखवला आणि तू तो वाचला नाहीस, मला जरा गंमत वाटली.

ज्यांची परिस्थिती या मुलीपेक्षा वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडं. इंजिनिअर किंवा गणित-संख्याशास्त्रवाले असाल आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, इम्पीरिअल, वॉरविक यांपैकी कुठे प्रवेश मिळाला असेल तर गणित बदलतं. फी जास्त असते, पण बँका तिथे स्वतः येतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आधी बघावी, इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देते आहे. दोन वर्षं नोकरी झाली की ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, पण फ्रँकफुर्टच्या बँकेत जर्मन लागतं, आणि आपल्या तीन वर्षांच्या बी.कॉम.ला सगळीकडे मान्यता मिळतेच असं नाही. सिंगापूरला थेट जायचं तर फायनान्समध्ये एम्प्लॉयमेंट पाससाठी (तिथल्या कामाच्या परवान्यासाठी) किमान पगार महिन्याला ६,२०० सिंगापूर डॉलर लागतो, वयाबरोबर वाढतो. ते फ्रेशरचं काम नाही. गुजरातेत गिफ्ट सिटी या आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्रात डीकिन आणि वोलोंगॉन्ग या ऑस्ट्रेलियन विद्यापीठांचे कॅम्पस २०२४ पासून आहेत, परदेशी बँकांची युनिटंही आहेत. संध्याकाळी तिथे ओस पडतं म्हणतात, पण काम परकीय चलनातलं असतं.

इंग्रजीची भीती तू तळटीपेसारखी शेवटी लिहिलीस. तुझं पत्र मराठीत इतकं नेटकं आहे की तुझी अडचण भाषेची नाही, सवयीची आहे. कुठल्याही एका बँकेचा वार्षिक अहवाल घे आणि त्यातलं जोखमीचं प्रकरण रोज दोन पानं मोठ्यानं वाच. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर होतं त्या दिवशी गव्हर्नरांचं निवेदन ऐक आणि नंतर वडिलांना ते मराठीत समजावून सांग. त्यांना कळलं तर तुला कळलं.

आणि वडिलांवरच मला थांबायचंय. ते "तू जा" म्हणाले, ते प्रेमानं. पण ते पतसंस्थेत कॅशियर आहेत. सहकार कायद्याच्या कलम १०१ चे वसुली दाखले, जप्तीच्या नोटिसा, कर्जदाराच्या दारात उभा राहिलेला वसुली अधिकारी, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. तेव्हा एखाद्या संध्याकाळी, त्यांची कॅश जुळल्यावर, त्यांना बापाऐवजी कॅशियर म्हणून विचार: अर्जदार वय २१, उत्पन्न शून्य, तारण राहतं घर, परतफेड परदेशातल्या अजून न लागलेल्या नोकरीतून, रक्कम ४० लाख. हा अर्ज तुमच्या मॅनेजरच्या टेबलावर आला असता तर तुम्ही काय म्हणाला असतात? ते जे सांगतील ते मला लिहून कळव. आणि हे विचारशील तेव्हा आईलाही तिथे बसव. पत्रभर ती गप्प आहे, पण घराच्या उताऱ्यावर तिचं नाव असेल तर सही तिचीही लागणार आहे.